धनाचा कारभारी : जॉन वेस्ली

प्रस्तावना

‘माझे घर’, ‘माझी जमीन’, ‘माझा पैसा’ हे शब्द आपल्या तोंडी रोज असतात. घाम गाळून मिळवलेला पैसा आपल्या हक्काचा आहे असे आपण मानतो आणि कायदाही तेच सांगतो. परंतु हा हक्क कोठपर्यंत जातो? शेजारच्या घरात चूल पेटलेली नसताना आपल्या कणगीतील जास्तीच्या धान्यावर आपला हक्क तेवढाच पक्का राहतो काय? सर्वच धर्मांतील विचारवंतांना हा प्रश्न पडलेला आहे. ख्रिस्ती परंपरेने त्याला दिलेले एक महत्त्वाचे उत्तर म्हणजे ‘कारभारीपणा’ची कल्पना होय.

ही कल्पना ज्यांनी प्रवचनांतून मांडली आणि स्वतःच्या जमाखर्चाच्या वहीत उतरवली, अशा एका इंग्रज धर्मोपदेशकाचे चरित्र आपण या पाठात वाचणार आहोत. त्यांचे नाव जॉन वेस्ली. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक म्हणून ते जगभर ओळखले जातात. त्यांचे धर्मकार्य फार विस्तृत आहे. येथे आपण मुख्यतः त्यांच्या धनविषयक विचारांचा आणि व्यवहाराचा परिचय करून घेऊ.

कल्पनेची पार्श्वभूमी

‘कारभारी’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. संस्थानिकाच्या किंवा सरदाराच्या दौलतीची व्यवस्था पाहणारा तो कारभारी. तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत. पण तिजोरीतील धन त्याचे नसे. धनी मागेल तेव्हा त्याला पै-पैचा हिशेब द्यावा लागे. बायबलच्या मराठी भाषांतरातही हाच शब्द आढळतो. पृथ्वी आणि तिच्यावरील सर्व काही परमेश्वराचे आहे, ही बायबलमधील स्तोत्रांची धारणा आहे. येशू ख्रिस्ताने सांगितलेल्या एका दाखल्यात परदेशी निघालेला धनी आपले धन चाकरांच्या हवाली करतो आणि परत आल्यावर प्रत्येकाकडून हिशेब घेतो. यरुशलेममधील आरंभीचे ख्रिस्ती लोक आपली मालमत्ता विकून आलेला पैसा एकत्र करीत आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटून घेत, असाही उल्लेख बायबलमध्ये आहे.

पुढील काळात या शिकवणीचे अर्थ निरनिराळ्या प्रकारे लावले गेले. चौथ्या शतकात कैसरियाचे धर्माध्यक्ष बेसिल यांनी दुष्काळात धान्य दाबून ठेवणाऱ्या धनिकांना कठोर शब्दांत जाब विचारला. तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिस यांनी वडिलांच्या संपत्तीचा त्याग करून पूर्ण दारिद्र्य पत्करले. त्याच शतकातील तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी मध्यम मार्ग सांगितला : वस्तूंची नीट निगा राहावी आणि भांडणे टळावीत म्हणून खासगी मालकी योग्यच आहे, परंतु त्या वस्तूंचा उपयोग करताना त्या सर्वांच्या आहेत असे समजून गरजवंताला त्यांत वाटा दिला पाहिजे.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मालमत्तेच्या हक्काला मोठा मान होता. किरकोळ चोरीलाही फाशीची शिक्षा होऊ शके. गावाच्या सामाईक कुरणांना कुंपणे पडत होती आणि ती जमीन मोठ्या जमीनदारांच्या ताब्यात जात होती. कोळशाच्या खाणी आणि कारखाने वाढत होते; त्याबरोबर शहरांतील दारिद्र्यही वाढत होते. अशा काळात वेस्ली यांनी कारभारीपणाचा जुना विचार नव्याने मांडला.

कर्जाच्या छायेतील बालपण

जॉन वेस्ली यांचा जन्म जून १७०३ मध्ये लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी झाला. वडील सॅम्युएल वेस्ली हे तेथील अँग्लिकन चर्चचे पाळक होते. आई सुझॅना बुद्धिमान, करारी आणि अत्यंत शिस्तप्रिय होती. या दांपत्याला एकोणीस अपत्ये झाली. त्यांतील अनेक बालपणीच दगावली. पाळकाचे उत्पन्न बेताचे, कुटुंब मोठे आणि सॅम्युएल यांना व्यवहार फारसा जमत नसे. त्यामुळे घराच्या मानगुटीवर कर्ज कायमचे बसलेले असे.

जॉन दोन वर्षांचे असताना, १७०५ मध्ये, तीस पौंडांहून कमी रकमेच्या कर्जापायी सॅम्युएल यांना लिंकनच्या तुरुंगात जावे लागले. पतीला पाठवण्यासाठी सुझॅनाजवळ पैसा नव्हता; म्हणून तिने बोटांतल्या अंगठ्या पाठवल्या. सॅम्युएल यांनी त्या परत केल्या. तुमच्या घरी कधी भाकरीची ददात पडली होती काय, असे यॉर्कच्या आर्चबिशपांनी तिला विचारले असता तिने दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. भाकरी मिळाली नाही असे कधी झाले नाही; पण ती खाण्यापूर्वी मिळवताना आणि खाल्ल्यानंतर तिचे पैसे चुकते करताना इतके कष्ट पडले, की त्या भाकरीला गोडी उरली नाही, असे तिने सांगितले. दारिद्र्य म्हणजे काय असते, हे जॉन यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

फेब्रुवारी १७०९ मध्ये एका रात्री त्यांच्या घराला आग लागली. सर्वजण बाहेर पडले; पण पाच वर्षांचा जॉन माडीवर अडकला. शिडी आणण्याइतका वेळ नव्हता. तेव्हा एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने खिडकीतून त्या मुलाला खाली घेतले. लगेच छप्पर कोसळले. आठही मुले सुखरूप पाहून सॅम्युएल यांनी शेजाऱ्यांना आभाराची प्रार्थना करायला सांगितले. घर गेले तर जाऊ द्या, मुले वाचली एवढी श्रीमंती मला पुरे आहे, अशी त्यांची त्या वेळची भावना होती. आपण काही विशेष कार्यासाठी वाचलो, ही जाणीव जॉन यांच्या मनात पुढे कायम राहिली.

अठ्ठावीस पौंडांचा हिशेब

लंडनच्या चार्टरहाउस शाळेतील शिक्षण संपवून जॉन १७२० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात दाखल झाले. १७२६ मध्ये तेथील लिंकन कॉलेजचे ते अधिछात्र म्हणून निवडले गेले आणि त्यांना नियमित उत्पन्न मिळू लागले. त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स आणि काही मित्र यांनी मिळून एक लहानसे मंडळ सुरू केले होते. लवकरच जॉन त्याचे प्रमुख झाले. हे तरुण ठरल्या वेळी प्रार्थना करीत, उपवास करीत, तुरुंगातील कैद्यांना भेटत आणि गरीब मुलांना शिकवत. त्यांच्या या काटेकोर पद्धतशीरपणाची इतर विद्यार्थी टिंगल करीत. ‘मेथॉडिस्ट’, म्हणजे पद्धतीने चालणारे, हे नाव त्या टिंगलीतूनच रूढ झाले.

याच काळातील एका प्रसंगाने वेस्ली यांची धनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कडाक्याच्या थंडीत एके दिवशी, त्यांच्या मंडळाच्या मदतीने शिकणारी एक गरीब मुलगी त्यांच्याकडे आली. तिच्या अंगावर केवळ एक पातळ सुती झगा होता. दुसरे काही घालायला नाही काय, असे त्यांनी विचारले. एवढेच आहे, असे ती म्हणाली. वेस्ली यांनी खिशात हात घातला, तर खिसा जवळजवळ रिकामा होता. खोलीच्या भिंतींसाठी त्यांनी नुकतीच चित्रे घेतली होती आणि पैसे त्यांत संपले होते. त्या क्षणी भिंतीवरील चित्रे त्यांना त्या मुलीच्या रक्तासारखी वाटली. ज्या पैशाने तिची थंडी निवारता आली असती, तो आपण भिंती सजवण्यात घालवला. आता असल्या कारभाऱ्याला धनी शाबासकी देईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनाला डाचत राहिला. वृद्धापकाळी दिलेल्या एका प्रवचनातही त्यांनी ही आठवण सांगितली आहे.

आणखी एका प्रवचनात वेस्ली यांनी ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशेब दिला आहे. तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे चरित्रकार मानतात. पहिल्या वर्षी त्याला ३० पौंड मिळाले. त्याने २८ पौंडांत भागवले आणि २ पौंड दान केले. दुसऱ्या वर्षी उत्पन्न ६० पौंड झाले. खर्च २८ पौंडच राहिला आणि ३२ पौंड गरिबांना मिळाले. तिसऱ्या वर्षी ९० पौंडांपैकी ६२, तर चौथ्या वर्षी १२० पौंडांपैकी ९२ पौंड त्याने दिले. उत्पन्न चौपट झाले. राहणीमान मात्र होते तेथेच राहिले. आपले उत्पन्न वाढले की आपल्या गरजा वाढतात, असे आपण सहज म्हणतो. वेस्ली यांच्या मते उत्पन्न वाढले की जबाबदारी वाढते.

एका पेनीची वर्गणी

१७३५ मध्ये वेस्ली धर्मप्रसारासाठी अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत गेले. तेथे त्यांना फारसे यश आले नाही आणि १७३८ च्या आरंभी ते निराश मनाने परतले. त्याच वर्षी २४ मे रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका सभेत त्यांना ईश्वरी कृपेचा उत्कट अनुभव आला आणि त्यांच्या आयुष्याला नवी दिशा मिळाली.

१७३९ च्या एप्रिलमध्ये मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या आग्रहाने त्यांनी ब्रिस्टल येथे उघड्या माळावर पहिले प्रवचन दिले. चर्चच्या वेदीपुढेच धर्म सांगावा असे मानणाऱ्या वेस्ली यांना आरंभी हा प्रकार कमीपणाचा वाटला होता. परंतु जवळच्या किंग्जवुडमधील कोळसा खाणीत राबणारे मजूर चर्चची पायरी चढत नसत. म्हणून वेस्ली त्यांच्यापर्यंत गेले. पुढील पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी प्रामुख्याने घोड्यावरून प्रवास केला. हा प्रवास सुमारे अडीच लाख मैलांचा होता असे मानतात.

ब्रिस्टलमध्ये अनुयायांनी बांधलेल्या सभागृहावर कर्ज झाले होते. १७४२ मध्ये ते फेडण्याचा विचार चालू असताना एका सभासदाने सुचवले, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. तेव्हाच्या एका पौंडात २४० पेनी होत. म्हणजे ही वर्गणी अगदीच लहान होती. पण पुष्कळांना तेवढेही जड जाईल, अशी शंका निघाली. तेव्हा तोच सभासद म्हणाला, की अकरा गरीब माणसे माझ्याकडे सोपवा. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि जो देऊ शकणार नाही त्याची पेनी मी भरीन. अशा रीतीने बारा-बारांचे गट झाले. वर्गणीसाठी घरोघर जाणाऱ्या गटप्रमुखांना लोकांची आजारपणे, व्यसने आणि अडचणी समजू लागल्या. कर्जफेडीसाठी सुरू झालेली ही व्यवस्था पुढे मेथॉडिस्ट चळवळीचा कणा ठरली.

लंडनमध्ये तोफा ओतण्याचा एक जुना, मोडकळीस आलेला कारखाना वेस्ली यांनी घेतला होता. ‘फाउंडरी’ या नावानेच तो ओळखला जाई. तेथे प्रार्थनागृहाबरोबर गरीब मुलांची शाळा आणि निराधार विधवांसाठी घर अशी कामे चालत. १७४६ मध्ये तेथे मोफत औषधे देण्यास प्रारंभ झाला आणि पाच महिन्यांत सुमारे ५०० रुग्णांना लाभ मिळाला. त्याच वर्षी वेस्ली यांनी शहरभर फिरून ५० पौंड जमा केले आणि त्यांतून उसनवारीचा निधी उभारला. गरजू माणसाला २० शिलिंगांपर्यंत, म्हणजे एक पौंडापर्यंत, रक्कम मिळे आणि ती तीन महिन्यांत फेडावी लागे. या छोट्याशा भांडवलातून एका वर्षात अडीचशे माणसांना मदत झाली. आजच्या बचत गटांच्या अंतर्गत कर्जाची आठवण व्हावी अशीच ही योजना होती. पैसा एका हातात साचू न देता फिरता ठेवला, तर थोडक्यातही पुष्कळांचे भागते, हे तिच्यातून दिसून आले.

मंडळींचे पैसे सांभाळणाऱ्या सेवकांना ‘कारभारी’ हेच पद होते. त्यांच्यासाठी वेस्ली यांनी नियम घालून दिले होते : जमेपेक्षा जास्त खर्च करू नये, कर्ज काढू नये, देणी आठवड्याच्या आत चुकती करावीत. यांतील एक नियम पैशाविषयी नसून वाणीविषयी आहे. गरिबाला मदत करता आली नाही तरी त्याचे मन दुखवू नये. द्यायला काही नसेल तर निदान गोड शब्द द्यावेत, असे त्यांनी बजावले होते.

मिळवणे, राखणे आणि देणे

वेस्ली यांचे धनविषयक विचार प्रामुख्याने त्यांच्या प्रवचनांत आढळतात. १७६० मध्ये त्यांचे पैशाच्या उपयोगावरील प्रवचन प्रसिद्ध झाले आणि १७६८ मध्ये चांगल्या कारभाऱ्याविषयीचे. पैशाला सर्व पापांचे मूळ समजून नाके मुरडणाऱ्यांशी ते सहमत नव्हते. दोष पैशाचा नसून वापरणाऱ्याचा असतो. चांगल्या हातांत पैसा भुकेल्याचे अन्न आणि उघड्याचे वस्त्र होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्यांनी तीन नियम सांगितले. पहिला नियम, शक्य तितके मिळवावे. मात्र मिळवताना स्वतःचे आरोग्य आणि सद्सद्विवेक गमावू नये, शेजाऱ्याचा धंदा बुडवण्यासाठी तोट्यात माल विकू नये, मद्य विकून कोणाचा संसार उद्ध्वस्त करू नये. दुसरा नियम, शक्य तितके राखावे. म्हणजे चैन, थाटमाट आणि लोकांची वाहवा मिळवण्यासाठी होणारा खर्च टाळावा. तिसरा नियम, शक्य तितके द्यावे. हा तिसरा नियम नसेल तर पहिल्या दोन नियमांना काही अर्थ राहत नाही, असे ते आवर्जून सांगत. नुसते साठवणे म्हणजे पैसा जमिनीत पुरून टाकण्यासारखेच होय.

देण्याचाही क्रम होता. प्रथम स्वतःच्या आणि कुटुंबाच्या अन्नवस्त्रादी गरजा भागवाव्यात, मग आपल्या मंडळीतील गरजूंना मदत करावी आणि त्यानंतर सर्व माणसांना. म्हणजे बायकामुलांना उपाशी ठेवून दान करा, असे वेस्ली सांगत नव्हते. एक दशांश दिला की उरलेल्या नऊ भागांचे आपण मालक झालो, हेही त्यांना मान्य नव्हते. सगळे दहा भाग ईश्वराचेच. त्यांतील प्रत्येक भागाचा हिशेब द्यायचा आहे. शरीर, बुद्धी आणि वेळ यांनाही ते असेच सोपवलेले धन मानत.

हा विचार त्यांनी केवळ व्यक्तीपुरता ठेवला नाही. १७७३ मध्ये अन्नाच्या टंचाईवर लिहिलेल्या पुस्तिकेत त्यांनी उपासमारीच्या कारणांची साखळी उलगडली. धान्य महाग का, तर दारू गाळण्यासाठी प्रचंड धान्य खर्च होते. घोड्यांचा दाणा महाग का, तर श्रीमंतांच्या बग्ग्यांसाठी घोड्यांची संख्या भरमसाट वाढली आहे. अंडी-कोंबड्या महाग का, तर त्या पाळणाऱ्या लहान शेतकऱ्यांची शेते एकत्र करून मोठी शेते केली गेली. धान्यापासून दारू गाळण्यास बंदी, घोड्यांवर कर आणि शेतांच्या आकारावर मर्यादा, असे उपाय त्यांनी सुचवले. त्यांचे सर्वच निष्कर्ष अचूक होते असे नाही. परंतु गरीब आळशी असतात म्हणून गरीब राहतात, ही त्या काळची सोयीची समजूत त्यांनी नाकारली. गरिबांच्या घरी आणि तळघरांत जाऊन आल्यावर ही समजूत खोटी असल्याचे त्यांना दिसले होते.

माणूस ही मालमत्ता होऊ शकत नाही

त्या काळी ब्रिटिश व्यापारी आफ्रिकेतील लाखो माणसांना गुलाम करून अमेरिका खंडात विकत होते. ब्रिस्टल हे या व्यापाराचे एक मोठे बंदर होते. गुलाम ही मालकाची कायदेशीर मालमत्ता आहे, असा युक्तिवाद केला जाई. १७७४ मध्ये वेस्ली यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहून या युक्तिवादावरच घाव घातला. श्वास घेऊ लागल्यापासून प्रत्येक माणसाला स्वातंत्र्याचा हक्क आहे आणि माणसाने केलेला कोणताही कायदा तो हिरावून घेऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. जहाजाचा कप्तान, दलाल आणि मळेवाला या सर्वांना त्यांनी दोषी ठरवले. मृत्यूपूर्वी सहा दिवस, २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, त्यांनी संसद सदस्य विल्यम विल्बरफोर्स यांना गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा लढा न सोडण्याविषयी पत्र लिहिले. हा व्यापार ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये बंद केला.

आचाराची कसोटी

वेस्ली यांनी शेकडो लहानमोठी पुस्तके लिहिली आणि संपादित केली. सामान्य माणसाला परवडावीत म्हणून ती स्वस्त ठेवली. ती इतकी खपली, की ध्यानीमनी नसताना आपण श्रीमंत झालो, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. हा पैसाही त्यांनी वाटून टाकला. आयुष्यभरात त्यांनी वीस ते तीस हजार पौंड दान केले असावेत, असा चरित्रकारांचा अंदाज आहे. तरुणपणी न्हाव्याचा खर्च वाचवून तो पैसा गरिबांना देता यावा म्हणून त्यांनी केस लांब राखले होते.

१७७६ मध्ये सरकारने चांदीच्या भांड्यांवरील कराच्या वसुलीसाठी प्रतिष्ठित लोकांकडून माहिती मागवली. वेस्ली यांच्यासारख्या प्रसिद्ध माणसाने आपली चांदी लपवली असावी, असा अधिकाऱ्यांना संशय होता. आपल्याजवळ चांदीचे दोन चमचे लंडनला आणि दोन ब्रिस्टलला आहेत. भोवती इतकी माणसे भाकरीला मोताद असताना आणखी चांदी घेण्याचा आपला विचार नाही, असे त्यांनी कळवले.

जानेवारी १७८५ मधील एक प्रसंग त्यांच्या दैनंदिनीत आहे. दरवर्षीप्रमाणे लंडनच्या गरिबांना कोळसा आणि पाव वाटायचा होता; पण त्यांना कपड्यांचीही गरज आहे हे वेस्ली यांच्या लक्षात आले. वयाच्या ८१ व्या वर्षी ते सलग पाच दिवस दारोदार फिरले आणि त्यांनी २०० पौंड मागून आणले. रस्त्यांवर वितळत्या बर्फाचा घोट्याइतका चिखल होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय त्या थंडगार पाण्यात भिजत. त्यानंतर त्यांची प्रकृती बिघडली. देणाऱ्याला मागण्याची लाज वाटू नये, हे त्यांनी कृतीने दाखवले. ऑक्सफर्डमधील त्या कुडकुडणाऱ्या मुलीला देता न आलेले वस्त्र जणू ते पन्नासहून अधिक वर्षांनंतरही गोळा करीत होते.

अनुयायांची श्रीमंती

वेस्ली यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना एका विलक्षण पेचाला तोंड द्यावे लागले. त्यांच्या उपदेशाने हजारो खाणमजूर, विणकर आणि कारागीर दारू सोडून उद्योगी आणि काटकसरी झाले. उद्योग आणि काटकसर यांमुळे स्वाभाविकपणे पैसा साठू लागला. पैसा आला तशी चांगली वस्त्रे, मोठी घरे आणि प्रतिष्ठेची हौस आली. धर्मभावना मात्र क्षीण होऊ लागली. म्हणजे धर्मातून संपत्ती निर्माण होत होती आणि ती संपत्तीच धर्माला गिळत होती. १७८६ मध्ये मेथॉडिस्ट चळवळीविषयी लिहिताना वेस्ली यांनी हा पेच स्पष्टपणे मांडला. पुढे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी प्रोटेस्टंट धर्मनीती आणि भांडवलशाही यांच्या संबंधावरील आपल्या ग्रंथात या विवेचनाचा आधार घेतला.

माणसांनी उद्योग सोडावा असे तर सांगता येत नव्हते. मग उपाय कोणता? वेस्ली यांना एकच उपाय दिसला : तिसरा नियम पहिल्या दोघांइतकाच काटेकोरपणे पाळणे. पण अनुयायांनी मिळवण्याचा आणि राखण्याचा नियम उचलला, देण्याचा नियम फारच थोड्यांनी पाळला, ही खंत त्यांच्या अखेरच्या वर्षांतील प्रवचनांतून पुन्हा पुन्हा प्रकट होते.

येथे त्यांच्या विचारांची मर्यादाही लक्षात येते. त्यांची सारी भिस्त व्यक्तीच्या सदसद्विवेकावर होती. कारभाऱ्याने हिशेब दिला नाही तर या जगात त्याला कोण विचारणार, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. राजकारणात ते राजनिष्ठ आणि परंपरावादी होते. १७७५ मध्ये त्यांनी अमेरिकन वसाहतींच्या उठावाला विरोध केला. त्यांच्या पंथाने कामगारांना शिस्त लावली, पण त्यांचा असंतोष थंड केला, अशी टीकाही काही इतिहासकारांनी केली आहे.

अखेरचा हिशेब

१७४३ मध्ये वेस्ली यांनी जाहीरपणे लिहिले होते, की पुस्तके आणि देणी वगळता आपण दहा पौंड जरी मागे ठेवून मेलो, तरी जगाने आपल्याला खुशाल चोर म्हणावे. जुलै १७९० मध्ये, हात थरथरू लागल्यावर, त्यांनी जमाखर्चाची वही कायमची मिटली. जेवढे राखता येते तेवढे आपण राखतो आणि जेवढे देता येते तेवढे, म्हणजे जवळचे सर्वच, देतो. याबद्दल मन निःशंक असल्याने आता हिशेब लिहिण्याची गरज नाही, अशी नोंद त्यांनी शेवटी केली.

२ मार्च १७९१ रोजी लंडनमधील सिटी रोडवरील घरी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी ब्रिटनमधील त्यांच्या पंथाच्या सभासदांची संख्या सुमारे ७० हजारांवर गेली होती. भारतात अमेरिकन मेथॉडिस्ट चर्चचे काम १८५६ मध्ये विल्यम बटलर यांच्या आगमनाने सुरू झाले. १८७० मध्ये या चर्चतर्फे आलेल्या क्लारा स्वेन यांनी बरेलीत स्त्रियांसाठी वैद्यकीय सेवा, तर इझाबेला थोबर्न यांनी लखनौत मुलींच्या शिक्षणाचे कार्य आरंभले.

आपल्या अंत्यविधीसंबंधी वेस्ली यांनी मृत्युपत्रात सूचना लिहून ठेवली होती. शववाहिका नको, बग्गी नको, कसलाही थाट नको. सहा गरीब माणसांनी शवपेटी उचलावी आणि प्रत्येकाला २० शिलिंग द्यावेत. त्याप्रमाणे सहा गरिबांच्या खांद्यांवरून त्यांची शवपेटी कबरीपर्यंत गेली आणि प्रत्येकाच्या हाती एक पौंड पडला.

स्वाध्याय

१. ‘मालक’ आणि ‘कारभारी’ यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. सुझॅना वेस्ली यांनी आर्चबिशपांना दिलेल्या उत्तराचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

३. वेस्ली यांचे तीन नियम कोणते? तिसऱ्या नियमावर त्यांनी इतका भर का दिला?

४. अनुयायांच्या श्रीमंतीमुळे वेस्ली यांच्यापुढे कोणता पेच उभा राहिला?

५. महात्मा गांधींची विश्वस्तपणाची कल्पना आणि वेस्ली यांची कारभारीपणाची कल्पना यांची तुलना करा.

६. आपल्या घरचा एका महिन्याचा जमाखर्च लिहा. त्यातील कोणता खर्च वेस्ली यांना मान्य झाला असता व कोणता नसता, याची चर्चा करा. त्यांच्याशी तुम्ही कोठे असहमत आहात, तेही सांगा.